खाली कोण आहे का?

आमच्या मजल्यावरचे काका पाण्याचे जार पोचवायचा छोटा टेम्पो चालवतात. सकाळी ठाकुर्लीतून निघायचं आणि दुपारपर्यंत कल्याणची ऑफिसं उरकायची. माझी नोकरी गेली तेव्हा वाटलं, आपणही हेच करावं. लायसन्स तर होतंच. म्हणून आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून फिरले.

काकांचं बोलणं मोजकं. शिवी नाही, हॉर्नही जवळजवळ नाही. खोड एकच. गाडी काढण्याआधी दर वेळी ते वाकायचे आणि टेम्पोखाली तोंड नेऊन विचारायचे, "खाली कोण आहे का?" मग कान देऊन थांबायचे. मांजरांसाठी असेल, असं मी धरून चालले होते.

शनिवारी त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "विचारलंस का?"

मी वाकले, विचारलं. खाली जारमधून सांडलेलं पाणी, बाकी काही नाही. वर येऊन चावी फिरवणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब गं. निघू दे त्याला."

ते डावीकडच्या आरशात बघत होते. त्यांची नजर मागच्या चाकापासून फुटपाथपर्यंत सावकाश सरकत गेली. मीही वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. काकांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला बघून हलवतो तशी. "हां, आता चल."

टेम्पो चालवायच्या नोकरीचा अर्ज आणून ठेवलाय, तो अजून तसाच पडलाय. पण हल्ली स्कूटी काढतानाही मी वाकते, विचारते. आणि विचारून झालं तरी लगेच उठत नाही.