सातवी खुंटी

ज्यूकबॉक्स दुरुस्त करता येणारा आमच्या पेण-रोह्याकडे मी एकटाच उरलोय. यात बढाई काही नाही. ज्यूकबॉक्सच उरले नाहीत, तर दुरुस्त करणारे कशाला उरतील? रोह्याजवळच्या एका रिसॉर्टच्या मालकाने कुठूनसं एक जुनं यंत्र विकत आणलं आणि माझा पत्ता शोधत माणूस पाठवला, तेव्हा सत्तरीला टेकलेला मी हरखून गेलो. बायको म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून बाजारात जात नाही, आणि रोह्याला निघालात." निघालो.

यंत्राचं पाठीमागचं दार उघडलं आणि ती पट्टी दिसली. गाणी ऐकणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. पट्टीवर दोन ओळींत प्रत्येक गाण्याची एक बारीक लोखंडी खुंटी असते. कुणी नाणं टाकून बटन दाबलं, गाणं वाजलं, की त्याची खुंटी एक खाच पुढे सरकते. महिनाअखेरीला दार उघडायचं, पुढे कोण गेली आणि जागेवर कोण अडून बसली ते बघायचं, मागे पडलेली तबकडी काढून नवी घालायची, आणि सगळ्या खुंट्या ओढून परत पहिल्या खाचेवर आणायच्या. या मालकालाही ती पट्टी चालू हवी होती, पाहुण्यांना काय आवडतं ते कळावं म्हणून.

पंचविशीत मी हेच काम पेणजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात करायचो. तिथल्या मालकाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे कुठलं गाणं राहणार नि कुठलं जाणार हे माझ्या हातात. कुणी कुरकुर केली की मी मागचं दार उघडून खुंट्या दाखवायचो. मशीन खोटं बोलत नाही, असा माझा तोरा होता.

त्या हॉटेलच्या मोरीकडच्या दाराशी कासूकडच्या आदिवासी वाडीवरची एक बाई दर बुधवारी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेऊन यायची. आचाऱ्याने टोपली रिकामी केली तरी ती तिथेच उभी राहायची. बुधवारी एक ट्रकवाला जेवायला थांबायचा आणि नेहमी एकच संथ गाणं लावायचा. ते संपलं की ती जायची. आत यायला तिला कुणी मनाई केली नव्हती. म्हणजे तोंडाने केली नव्हती.

त्या गाण्याची खुंटी महिन्यात चार खाचा सरकली. सगळ्यात मागे. मी तबकडी काढली. अशा काढलेल्या तबकड्या गरम पाण्यात मऊ करून, वाडग्यावर दाबून मी त्यांची भांडी करायचो आणि मधल्या भोकावर पत्र्याची चकती चिकटवायचो. पुढच्या बुधवारी ट्रकवाल्याने दुसरंच काहीतरी लावलं. तिने दारातून मला हाक मारली.

"भाऊ, ते गाणं का नाय लागलं?"

"काढलं. कुणाला नको हाय ते. मशीननं मोजलंय."

"मला पायजे ना."

"तू कधी बटन दाबलंस?"

आचारी हसला, म्हणून मला आणखी चेव आला. फळीवरचं ताजं भांडं उचलून मी तिच्या हातात दिलं. "घे, तुझंच गाणं हाय यात. जप." आणि खरंच त्याच तबकडीचं होतं ते, हीच तर माझी गंमत. तिने भांडं उलटसुलट करून पाहिलं, पदरात बांधलं आणि गेली. पुढेही चिंबोऱ्या आणत राहिली, पण टोपली रिकामी झाली की थांबायची नाही.

रोह्याचं यंत्र तिसऱ्या दिवशी सुरू झालं. रिसॉर्टवर झाडलोट करणारी एक पन्नाशीची बाई बराच वेळ बघत उभी होती. पुढच्या दिवशी सकाळी तिने माझ्यासाठी चहा आणला, आणि सोबत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"काका, तुमी मशीनवाले ना? हे माझ्या आईचं हाय. ती होती कासूकडच्या वाडीवर. यात कधी काय ठेवू नाय दिलं तिनं. म्हणायची, यात गाणं हाय, मशीनवाला भेटायला पायजे."

फडकं सोडलं. काळं भांडं, मध्ये पत्र्याची चकती. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, आणि ती वाकडी कड माझ्याच कात्रीची. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"तबकडी वाकलीय गो," मी म्हणालो. "आता नाय वाजायची."

"मग नाव तरी वाचा. पोरगा मोबाईलवर लावंल."

नाव कुठलं वाचू? लेबल मीच गरम पाण्यात सोलून काढलं होतं, भांडं नेटकं दिसावं म्हणून. मला इतकी लाज वाटली की क्षणभर वाटलं, गप्प बसावं, ती काही मला ओळखत नाही. पण ते जमलं नाही.

"तुझ्या आईला हे मीच दिलं होतं," मी म्हणालो.

आता ही मला चार शब्द सुनावणार म्हणून मी मान खाली घातली. पण तिचा चेहरा एकदम उजळला.

"मग तुमाला म्हायतीच असंल, गाणं कंचं ते."

मी स्टुलावर बसलो आणि आठवायला लागलो. ट्रकवाल्याची चौकड्यांची लुंगी आठवली, टोपलीतल्या चिंबोऱ्यांची खुडबुड आठवली, आचाऱ्याचं हसणं आठवलं. गाणं आठवेना. बाईच्या आवाजात होतं की पुरुषाच्या, तेही नाही. आठवत होती ती फक्त खुंटी: खालच्या ओळीत, डावीकडून सातवी, चार खाचा. आणि त्या चिंबोरीवालीची लेक माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.