हळदीआधी बंद केलेलं क्रीम

पल्लवी ओरडली तेव्हा मी तिच्या चेहऱ्यावर फक्त पाणी मारलं होतं. नळाचं, साधं पाणी.

"आग होऊन राहिली मॅडम!"

मागे सोफ्यावर बसलेली तिची आई, विमलताई, ताडकन उठली. "काय लावलं हो तुमी तिले?"

"पाणी," मी म्हटलं. "आता पाणीही चालत नसेल तर मी पार्लरला कुलूपच लावते."

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर नवरी मुली खुर्चीत हसून लोळतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

जून संपत आला होता. पाऊस एकदाच तोंड दाखवून गेला होता आणि मागे नुसता चिकचिकाट ठेवून गेला होता. अकोल्याच्या मे महिन्यात माणूस भाजून निघतो. या दिवसांत उकडून निघतो. कूलर लावला तर हवा आणखीच ओली. अशा हवेत मेकअप टिकवणं ही कसरत आहे. म्हणून मी लग्नाआधी ट्रायल घेते. अर्ध्या चेहऱ्याला मेकअप करायचा, मुलीला चौकापर्यंत चक्कर मारायला लावायची आणि घामात काय टिकलं, काय गळ्यात उतरलं ते बघायचं. पल्लवीची ट्रायल होती. त्याच आठवड्यात लग्न होतं.

ती तेल्हाऱ्याहून बसने आली होती, चेहरा स्कार्फने बांधून. आपल्याकडे त्यात नवल नाही. उन्हाळ्यात निम्मं गाव दरोडा घालायला निघाल्यासारखं दिसतं. पण पार्लरमध्ये येऊनही तिने स्कार्फ सोडला नव्हता. मीच सोडायला लावला. दोन्ही गाल लालभडक. कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. हनुवटीवर पुळ्या, जबड्यावर कोवळी लव. असे चेहरे मी आधीही पाहिले होते.

"घरी काय लावत होतीस?"

पल्लवीने आईकडे पाहिलं. विमलताईंनी अभिमानाने सांगितलं, "क्रीम. मेडिकलवरून आणलं. नवरदेवाच्या आत्यानंच सांगतलं. पाह्यता पाह्यता अशी गोरी झाली पोट्टी, आरसा सोडे ना!"

मेडिकलवर डॉक्टरची चिठ्ठी न विचारता देतात तसल्या क्रीममध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. ते औषध आहे, डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे दिवस लावायचं. रोज लावलं तर आधी रंग उजळतो, मग कातडी पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते.

"अजून लावते?"

"छे! हळद आली न. हळदीच्या तोंडाले बाजारचं काही लावत नाहीत आमच्यात. मागच्या सोमवारपासून बंदच केलं मीनं."

तर हे असं झालं होतं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की हात थरथरतात ना, तसंच कातडीचं होतं. बाईने रीत पाळली आणि चेहरा पेटला.

"मंग थोडंसं लावू का परत?" विमलताईंनी हळूच विचारलं.

"ते ना तुम्ही ठरवायचं, ना मी."

पार्लर बंद केलं आणि दोघींना ऑटोत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध लिहून दिलं आणि बजावलं: चेहऱ्याला हळद नाही, मेकअप नाही, साधं मॉइश्चरायझर, आणि बाहेर पडताना तोंडाला रोज धुतलेली सुती ओढणी.

"आन् लगन?" विमलताई.

"लग्न करा. चेहऱ्याला सुट्टी द्या," डॉक्टर म्हणाले.

परतताना ऑटोत विमलताई रडायला लागल्या. "हळदीबिना नवरी? आन् आत्या काय म्हणन? रंग उजळला त बरं, असं तिनं बैठकीतच म्हटलं होतं. लगन मोडलं त?" मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "ते फवाऱ्यानं मारतात ते करा न मॅडम. सगळं झाकून जाते म्हणतात."

फवारा म्हणजे एअरब्रश. त्याने बेस, म्हणजे चेहरा एकसारखा दिसावा म्हणून खाली द्यायचा रंगाचा थर, अगदी सफाईदार बसतो. पण त्या थराखाली घाम, आणि घामाखाली सोललेली कातडी.

"मी नाही करणार. स्टेजवर चेहरा सुजला तर काय कराल?"

"मंग दुसरी पार्लरवाली पाह्यतो आमी!"

मधे बसलेली पल्लवी म्हणाली, "दुसरी नको आई. मी अशीच बसीन."

"अशी?"

"त्यायले एकदा मले उजेडात पाहू दे न. लगनानंतर काय घरातही तोंड बांधून हिंडू?"

हळद हातापायांना लागली. बायका कुजबुजल्या. लग्नाच्या दिवशी मी तिचे डोळे रंगवले, ओठ रंगवले, केसांत गजरे माळले आणि गाल तसेच लाल सोडले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा ब्रायडल मेकअप. हात रिकामे वाटत होते.

इतक्यात नवरदेवाची आत्या खोलीत आली. भरजरी शालू, जाड फाउंडेशन, आणि ते घामाने मानेवरच्या घडीत उतरत होतं. पल्लवीकडे बघून म्हणाली, "अव्वा! फोटोत त अशी नव्हती ही."

"तुमचंच क्रीम हाये आत्याबाई," पल्लवी म्हणाली.

आत्याचा हात आपल्याच गालावर गेला. रुमालाने टिपलं तसा रंग निघाला आणि खाली तीच लाली, त्याच शिरा. ती रुमाल गालावर दाबून धरून निघून गेली.

लग्न मोडलं नाही. हिवाळा सरता सरता चेहरा शांत झाला आणि मूळचा सावळा रंग परत आला. पल्लवी आता धामणगावला असते. सासरचे वाईट वागत नाहीत, असं तीच फोनवर म्हणाली. फक्त फोटो काढताना तिला कडेला उभं करतात. दिवाणखान्यात लावलेल्या लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला दुधासारखी करून ठेवली आहे. येणारे पाहुणे ही कोण म्हणून विचारतात. धाकट्या मुलीच्या लग्नात विमलताईंनी मला बोलावलं नाही.

तेव्हापासून नवरी आली की मी आधी विचारते, चेहऱ्याला काय लावता आणि ते कधी बंद केलं. त्यावर बऱ्याच जणी विचार करून सांगतो म्हणतात आणि परत येत नाहीत. मागच्या गल्लीत नवीन पार्लर उघडलं आहे. तिथे काही विचारत नाहीत. तिथे गर्दी असते.