नाईक सुधाकरची शेवटची शुश्रूषा

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन असताना माझी बदली उत्तर सीमेवरच्या एका फील्ड हॉस्पिटलला झाली. माझं घर बोरगाव मेघेला. वर्ध्याच्या उन्हात वाढलेली मी. हॉस्पिटलात मात्र दिवाळीच्या आधीच नळाचं पाणी गोठायचं.

वॉर्डाचा दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. आधी चादरी, मग तोंड धुणं, स्पंजिंग, नाडी, ताप, श्वास. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, तोही पेशंटला कळू न देता. ज्याला हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. लढाईच्या गोष्टी ऐकायला आलेल्यांचा हे ऐकून जरा विरस होतो. पण माझी नोकरी बरीचशी हीच होती.

त्या दिवशी बर्फ पडत होता. नाश्त्यानंतर रेडिओवर निरोप आला. रेशनची गाडी घसरून दरीत गेली, एक कॅज्युअल्टी सीरियस.

नाईक सुधाकरला आणलं तेव्हा त्याच्या मानेला कॉलर बांधलेली होती. मी डोकं धरलं. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी त्याला एकदम उचललं आणि बेडवर घेतलं. आमच्या सर्जन मेजरसाहेबांनी तपासलं. मानेचा मणका मोडला होता, छातीत रक्त साचलं होतं. त्यांनी छातीत नळी घातली, रक्त चढवलं आणि रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"चॉपर निगेटिव्ह. व्हिजिबिलिटी नाही. वेट. ओव्हर."

सुधाकर शुद्धीत होता. मी ओल्या गॉजने त्याचे ओठ पुसत होते.

"मॅडम, माहे पाय सरळ हायेत का? मले समजून नाई राह्यलं."

ही बोली तिथे मी महिनोन् महिने ऐकली नव्हती.

"कुठला रे तू?"

"आष्टीचा. वर्धा जिल्हा."

"मी बोरगाव मेघेची."

"मंग तं तुम्ही घरच्याच झाल्या."

मी पांघरूण वर करून पाहिलं. एक पाय बाहेर कलला होता. उशी लावून तो सरळ केला.

"आता सरळ हायेत, भाऊ."

"मायले सांगजा, दुखत नोतं म्हनून. खरंच नाई दुखून राह्यलं."

खरंच दुखत नव्हतं. मानेखाली त्याला काही कळतच नव्हतं.

दुपारी त्याचा श्वास उथळ होत गेला. मेजरसाहेबांनी घशात नळी टाकली. नर्सिंग असिस्टंट बॅग दाबून श्वास देत राहिला. रेडिओवर पुन्हा विचारलं. पुन्हा निगेटिव्ह. चारच्या आधी त्याचं हृदय थांबलं. आम्ही बराच वेळ प्रयत्न केला. मग मेजरसाहेबांनी घड्याळ पाहून वेळ सांगितली आणि बाहेर बर्फात जाऊन उभे राहिले.

मी पडदा ओढला.

"मॅडम, मी करतो," असिस्टंट म्हणाला.

"दोघं करू."

आम्ही स्टोव्हवर पाणी गरम केलं. तोंड, मान, हात, छाती. धुवायचा तेवढाच भाग उघडा, बाकी झाकलेला. कूस बदलताना मी सवयीने बोलून गेले, "सुधाकर, डावीकडे वळवते हं." असिस्टंटने तोंड फिरवलं.

पुढच्या सुट्टीत मी आष्टीला गेले. त्याची आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी कोण ते सांगितलं. तिने सूप बाजूला सारलं.

"दुखलं का त्याले?"

"नाई, मावशी. त्यानंच तुम्हाले सांगाले सांगतलं."

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "पेटी आली तं आमाले निसतं तोंड दाखवलं. अंगाले हात लावू देला नाई. बाई, त्याले आंघोळ कोनं घातली?"

"मी घातली."

तिने माझे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले. त्यांच्यावरून हात फिरवत राहिली आणि मग रडली.

आता मी वर्ध्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मृत्यूनंतरच्या शुश्रूषेचा धडा आला की मुली सरावाच्या पुतळ्यावर भराभर कापड फिरवतात. आपसात बोलत असतात, कुणी हसतंही. मी रागवत नाही. सांगते, हा नाईक सुधाकर, आष्टीचा. याच्या आईला त्याच्या अंगाला हात लावता आला नाही.

मग त्या सावकाश पुसतात.