प्रोजेक्टरची पेटी कोणी बिघडवली?

खून-दरोड्यांचे तपास पुष्कळ केले, पण अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही ती घटना एका पंख्याची आहे.

रहाटणीकडच्या एका बागेत भिंतीवर चित्रं दाखवणारा प्रोजेक्टर बसवला होता. ऊन-पावसापासून जपायला तो पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असे आणि आत गरम झालं की पेटीचा पंखा आपोआप सुरू होई. दसऱ्याला उद्घाटन होतं. आदल्या संध्याकाळी चाचणी चालू असताना पंखा अडकला आणि प्रोजेक्टर जळाला.

सकाळीच ठेकेदार तावातावाने ठाण्यात आला. "घातपात आहे हा, साहेब! भांडला म्हणून मी काढून टाकलेल्या वेल्डरचंच काम." काळेवाडीतल्या आमच्या खबऱ्यानेही सांगितलं, की वेल्डर आदल्या दुपारी बागेत शिरताना दिसला होता.

वेल्डरला बोलावून घेतलं. तिशीतला, बीडकडचा माणूस. चाकणच्या एका कंपनीत त्याला कायम नोकरी लागत होती. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती, आणि तो कागद माझ्याच टेबलावर होता. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली, हे त्याला ठाऊक होतं.

"काल बागेत गेला होतास?"

"गेलो व्हतो, साहेब."

"कशाला? आणि आत सोडलं कुणी?"

गडी तोंड उघडेना. मी टेबलावर हात आपटला, दरडावलं, उपयोग शून्य. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा पाल्हाळ लावतो. हा गप्प राहून कुणाला तरी वाचवत होता.

दुपारी पंचांसमोर पेटी उघडली. पंख्याच्या पात्यांना दोरा गुंडाळलेला, जाळीत झेंडूच्या पाकळ्या आणि झाकणावर हळदीकुंकू. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. ठाण्यात आम्हीही बंदुकांची अशीच पूजा केली होती!

बागेचा म्हातारा वॉचमन, जुन्या गावातला, शेजारीच उभा होता. पाकळ्या पाहून तो पुढे आला. "व्हय साहेब, मीच सोडला त्याला आत. पेटी त्याच्या हातची. पूजा करतो म्हनला, मला न्हाई म्हनवलं न्हाई. माजी नोकरी जाईल म्हनून गप ऱ्हायला आसंल."

ठाण्यात परतून हे सांगताच वेल्डर रडायलाच लागला. "वर्कशॉपात त्या दिवशी मशीन बंद असत्यात, साहेब. हार घातला तवा पंखाबी बंदच व्हता. मी नुसता पत्रा जोडला. आपोआप चालू व्हतो, हे मला कुठं ठाव?"

ठेकेदार समोरच बसला होता. मी विचारलं, "तुम्ही काल मशिनींना हार घातले?"

"घातले की," तो म्हणाला. मग वेल्डरकडे वळला. "अरे, मी काढून टाकल्यावरही तू पूजेला आलास?"

"तुमी काढलं, मालक. पेटीनं न्हाई काढलं."

ठेकेदाराने तक्रार मागे घेतली. मी अपघाताची नोंद केली आणि पडताळणीच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. नुकसान झालं की त्यामागे कुणाचा राग आहे, एवढंच आम्ही पोलीस शोधत असतो. मायेनेही एखादी वस्तू बिघडते, हे मला त्या दिवशी कळलं.