माझ्याच पत्रकाविरुद्ध

चिंचवडच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मी पत्रा दाबायची प्रेस चालवत होतो आणि युनियनची पत्रकं लिहीत होतो. प्रेस चालवणारे पुष्कळ होते, पत्रकं लिहिणारा मी एकटा. त्यातल्या एका पत्रकात मी लिहिलं होतं : ‘जो कामगार धडधाकट असून आजारपणाची चिठ्ठी आणतो आणि घरी लोळतो, तो आपल्याच भावाच्या पाठीवर बसतो. अशा ऐतोबाला युनियनने पाठीशी घालू नये.’ या वाक्याचा मला फार अभिमान होता. गेटवर ते मोठ्याने वाचलं तेव्हा लोक हसले. दोघातिघांनी मान खाली घातली. त्यांच्यातला कोणी खरोखर आजारी होता का, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तापाची साथ आली. आमच्या गावात, चिखलीत, घरटी दोन-दोन अंथरुणं पडली. आमच्याकडे थोरला भाऊ आणि मी. दादा पाचव्या दिवशी उठून औत धरायला गेला. ताप माझाही उतरला, पण मी उठलो नाही.

उठलो नाही म्हणजे उठता आलं नाही. एवढं साधं वाक्य, पण ते ऐकून समोरच्याचे डोळे बारीक होतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. दारापासून आमची विहीर चाळीस पावलं. जाऊन आलो की दोन दिवस बाजेवरून पाय खाली घेता यायचे नाहीत. भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागायचा. उजेड खुपायचा, भांडं पडलं की डोक्यात घण बसायचा. वाचायला घेतलं तर तिसऱ्या ओळीला पहिली पुसलेली. झोप लागायची, पण जाग यायची ती रात्रपाळी करून आल्यासारखी. थुंकी तपासली, पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. घरच्यांनी पेढे वाटले. मला पेढा गिळवला नाही, कारण क्षय असता तर निदान लोकांनी मानला असता.

दादा पैलवान. त्याचं निदान तयार होतं. “ताप अंगात मुरलाय. घामाबिगर निघायचा न्हाई.”

आमच्या गावांत अशक्त माणसाला तालमीत घालतात. त्यामागे माया असते, म्हणून तर नाही म्हणवत नाही. दादाने मला पहाटे सायकलवर बसवून तालमीत नेलं, स्वतःच्या हाताने तेल चोळलं, तांबड्या मातीत उभं केलं. पहिल्या दिवशी मी वीस बैठका काढल्या आणि खरं सांगतो, बरं वाटलं. घाम आला, भूक लागली. दादा गावभर सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी पंधरा काढल्या. तिसऱ्या दिवशी तालमीच्या उंबऱ्यावरच बसलो आणि आडवा झालो. दादाने खांद्यावर टाकून घरी आणलं. त्यानंतर तीन महिने मी उशीवरून मान उचलली नाही. आई चमच्याने भरवायची. दादा दारात उभा राहायचा, आत यायचा नाही.

पुढची गोष्ट आईने शोधली. तिला अक्षर येत नाही. दाराआडच्या सारवलेल्या भिंतीवर ती कोळशाने खुणा करायची. मी उठून चार पावलं टाकली किंवा कोणाशी तासभर बोललो, की उभी रेघ. घास हाताने घेता आला नाही, की फुली. महिन्याने तिने मला भिंतीकडे तोंड करून निजवलं.

“बघ. रेघ झाली की एक दीस सोडून फुली. दर खेपेला.”

“मग मी काहीच करायचं नाही?”

“फुली येनार न्हाई येवडंच करायचं. तू येक तर पडून ऱ्हातोस, न्हाई तर इंजिनावानी सुटतोस.”

तिच्या सांगण्याप्रमाणे वागलो. विहीर सोडली, दारापर्यंतच जायचं ठरवलं, तेही एक दिवसाआड. फुल्या कमी झाल्या. बरा झालो असं मी म्हणत नाही. चमचा पुन्हा माझ्या हातात आला, एवढंच.

रजा कधीच संपली होती. कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा बैलगाडीत कडबा पसरून त्यावर मला निजवून नेलं. कंपनीचा डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्याने नाडी पाहिली, डोळे ओढून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली.

“सगळं ठीक आहे.”

“मग मला झालंय काय?”

“अशक्तपणा.”

“ते मीही सांगू शकतो, डॉक्टरसाहेब. कशाने?”

“मनाने घेतलंय तुम्ही. शरीराची सवय गेली आहे. बारा इंजेक्शनं देतो, ताकदीची. आणि सोमवारपासून हलकं काम. पहिल्या आठवड्यात दोन तास, मग रोज थोडं वाढवायचं. अंगाला वळण लागेल. इथे सही करा.”

कागदावर लिहिलं होतं की मी कामाला योग्य आहे आणि हा उपचार मला मान्य आहे. सही केली नाही तर नाव कमी. मी म्हणालो, वाढवत न्यायचा उपचार मी तालमीत करून पाहिला आहे. डॉक्टरने खण उघडला, त्यातून एक घडी घातलेला कागद काढला आणि सावकाश वाचला. “जो कामगार धडधाकट असून... हे तुम्हीच लिहिलंय ना?”

मी लिहिलं होतं. छपाईची शाईसुद्धा ओळखली.

“आठ दिवस विचार करा,” तो म्हणाला.

गाडीच्या हादऱ्यांनी त्यातले चार दिवस फुलीतच गेले. उरलेल्या चारांत मी विचार केला, अंधारात, डोळ्यांवर ओला पंचा ठेवून, तुकड्या-तुकड्याने. इंजेक्शनं मी नाकारत नव्हतो. तसली सहा गावच्या दवाखान्यात आधीच घेतली होती. कंबर सुजली, बाकी फरक शून्य. तरी आणखी बारा घ्यायला माझी तयारी होती, कारण सहाने झालं नाही म्हणून बाराने होणार नाही हे मला ठाऊक नव्हतं. चिंचवडच्या वैद्यांच्या काढ्याने झोप जरा खोल लागायची, तो मी चालू ठेवला होता. उद्या कोणी बेडकाचं तेल आणलं आणि ते लावून चार माणसं उठलेली दाखवली, तर तेही लावीन. पण रोज थोडं वाढवायचं, हा एकच उपचार असा होता की त्याचा परिणाम माझ्या भिंतीवर लिहिलेला होता. तो घेऊन नोकरी राहिली असती आठवडाभर. मग मला पुन्हा खांद्यावर टाकून आणलं असतं, आणि त्या वेळी चमचा हातात परत आला असता की नाही, कोण सांगणार?

सातव्या दिवशी युनियनचा सेक्रेटरी आला. मराठवाड्यातला माणूस, बोलायला गोड.

“सही करून टाक ना भावा. दोन तास तर बसायचंय. पोरं सांभाळून घेतील तुला.”

“आणि चौथ्या दिवशी पडलो की? ‘उपचार दिला, यानेच टाकला’ असं लिहितील. कागद त्यांचा.”

“मग करायचं काय म्हणतोस?”

“पत्रक काढायचं. मजकूर मी सांगेन.”

“कोणाविरुद्ध?”

“माझ्या.”

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. “अरे, गेटवर हसं होईल आपलं. आपलंच पत्रक, आपणच खोडायचं?”

“चुकीचं छापलं ते मी. हसू दे. मागे दोघातिघांनी माना खाली घातल्या होत्या, त्यांना तरी कळेल.”

सही न केलेला कागद मी त्याच्याच हाती परत पाठवला. सोबत अर्ज : वर्षभर बिनपगारी रजा द्यावी, नाव हजेरीपटावर ठेवावं, इंजेक्शनं घ्यायला मी तयार आहे, वाढत्या कामाला नाही, कारण त्याने मी तीन महिने पडलो होतो, साक्षीदार हवा असेल तर मला तालमीतून उचलून आणणारा माझा सख्खा भाऊ आहे. हे दादाला विचारून लिहिलं. तो म्हणाला, “लिही. म्याच नेलता तुला.” त्या दिवसापासून तो पुन्हा आत येऊन बसायला लागला.

पत्रकाला अकरा दिवस लागले. पूर्वी मी चहा निवायच्या आत एक पत्रक हातावेगळं करायचो. आता दिवसाला दोन ओळी. मी डोळे मिटून सांगायचो, पाचवी शिकलेला दादा गिरवायचा, आणि तिसरी ओळ ओठांवर आली की आई मध्ये हात घालायची. “बास.” मी चिडायचो. “वाक्य अर्धं राहिलंय, आई.” “ऱ्हाऊ दे. ते काय पळून जातंय?” सुरुवात अशी होती : ‘गेल्या वर्षी याच गेटवर मी आजारी माणसाला ऐतोबा म्हणालो. आजारी कोण आणि धडधाकट कोण, हे मी चेहरा बघून ठरवलं होतं. कंपनीही आज तेच करते.’ शेवटी मागणी : ज्याचं दुखणं ओळखता येत नाही त्याला खोटा ठरवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि ज्याने माणूस आणखी पडतो तो उपचार सक्तीने देऊ नका.

गेटवर पत्रकं दादाने वाटली. एवढा मोठा पैलवान समोर उभा, त्यामुळे कागद न घेता कोणी पुढे गेलं नाही म्हणे. हसले तेही थोडे. एक म्हातारा फिटर मात्र वाचून परत आला आणि दादाला म्हणाला, “त्याला सांग, त्या दिवशी मान खाली घातली होती ती मी. माझी कंबर गेली होती.”

महिन्याने उत्तर आलं. सहा महिने बिनपगारी, नाव पटावर, नंतर तपासणी. दुसऱ्या डॉक्टरबद्दल अक्षर नाही. सेक्रेटरी म्हणाला जिंकलो. मी म्हणालो, अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरं पत्रक सुरू केलं आहे, आज त्याच्या दोन ओळी झाल्या.

दादा संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. “येतोस का तालमीच्या ओट्यावर? नुस्ता बसायला. उचलून नेतो.”

फार जावंसं वाटलं. मी भिंतीकडे पाहिलं.

“परवा,” मी म्हणालो.