एका लेखाचे एकेचाळीस लेखक

त्या त्रैमासिकाच्या संपादकांना मी पाठवलेलं पहिलं पत्र उद्धट होतं, असं आमच्या घरात आजही मानलं जातं. मी मानत नाही. मुळात ते पत्र नव्हतंच. चार पानांचं छापील पत्रक होतं आणि त्यात चोवीस उद्गारचिन्हं होती. विषयच तसा होता.

हे संशोधनाचं त्रैमासिक मुंबईहून निघायचं आणि आचऱ्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावातल्या वाचनालयात यायचं. बहुधा त्याची पानं कापायलाही कुणी बसत नसे. मी बसले. बी.ए. होऊन मी नुकतीच गावी परतले होते, चोविसावं वर्ष होतं, आणि धक्क्याच्या डागडुजीपासून शाळेच्या छपरापर्यंत ज्या ज्या गोष्टीवर पत्रक काढता येईल त्यावर काढून झालं होतं. त्या अंकात रापणीवर एक लेख होता. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकलेलं आणि दोन्ही दोरांनी किनाऱ्यावर ओढून आणायचं मोठं जाळं. विद्वानांनी लिहिलं होतं, "मच्छीमार बांधव आनंदाने गात गात हे जाळे ओढतात."

गात गात! आमच्या किनाऱ्यावर रापण ओढताना जे ऐकू येतं ते कुठल्याही त्रैमासिकात छापण्याजोगं नसतं. दोर ढिला सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा तिथे उद्धार होतो. लेखक महाशय बंगल्याच्या ओसरीवरून दुर्बीण लावून बसले असावेत, असं मी पत्रकात म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. मालवणच्या छापखान्यात दोनशे प्रती काढल्या आणि एक त्रैमासिकाकडे रजिस्टरने पाठवली, म्हणजे मिळाली नाही असं म्हणायची सोय राहू नये.

उत्तर पोस्टकार्डावर आलं. अक्षर सुबक, एकही उद्गारचिन्ह नाही. "आपले पत्रक मिळाले. पुढील विशेषांक 'किनाऱ्यावरील श्रम' या विषयावर काढण्याचे मंडळाने योजिले आहे. अतिथी संपादक म्हणून आपण काम पाहावे. हस्तलिखिते चार महिन्यांत यावीत."

माझे वडील निवृत्त शाळामास्तर. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"अडकलीस," ते म्हणाले. "शिव्या दिल्यावर माणूस भांडतो. ह्या गृहस्थांनी खुर्ची दिली."

मी म्हटलं, खुर्चीत बसून दाखवते.

पहिल्या महिन्यातच लेख येऊ लागले. एका प्राध्यापकांचा साठ पानांचा, त्यातली वीस नुसत्या तळटीपांची. एका निवृत्त कस्टम अधिकाऱ्याचा, ज्यात श्रम फक्त त्यांचेच होते. मला मात्र अंकात एक लेख असा हवा होता, की जो दोर ओढणाऱ्यांनीच लिहिलाय. मी तसं जाहीर केलं आणि वही घेऊन किनाऱ्यावर गेले.

पहिले चार दिवस कुणी एक शब्द बोललं नाही. रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, साठीचा, अंगाने बारीक आणि आवाजाने जाड. तो पाचव्या दिवशी म्हणाला, "चेडवा, उब्या माणसावांगडा कोण बोलतलो? दोर धर."

नुसत्या उभ्या माणसाशी कुणी बोलत नाही, एवढं कळलं. मी पदर खोचला, वही चोळीत खुपसली आणि दोर धरला. मग बोलणं सुरू झालं, आणि असं सुरू झालं की थांबेना. एक जण वाऱ्यांबद्दल सांगायचा, दुसरा त्याला खोटा पाडायचा, मासळी सुकवणाऱ्या बायका दोघांनाही खोटं पाडायच्या. मी दोर सोडून वहीत लिहायचे आणि शिव्या खायचे. पाण्याच्या रंगावरून मासळीची झुंड कशी ओळखायची हा भाग सांगताना तर प्रत्येक जण एकच सुरुवात करायचा, "तो म्हणायचो…" तो म्हणजे तांडेलाचा जुना सोबती, झुंड हेरण्यात सगळ्या किनाऱ्यात एक नंबर. आदल्या साली गेला होता. त्याची बायको टोपलीपाशी बसून ऐकायची. कुणी चुकीचं सांगितलं की मान हलवायची, क्वचित एका वाक्यात खरं काय ते सांगायची, आणि मी खोडायचे.

दोन महिन्यांत लेख झाला. वाळूवर बसून मी तो सगळा वाचून दाखवला. मग सोबत माझं संपादकीयही वाचलं. अकरा पानं. नाव 'सवाल'. खरं सांगायचं तर हे संपादकपद मी घेतलं होतं ते त्या अकरा पानांसाठी. विद्वानांच्या पगड्या मी त्यात एकेक करून उतरवल्या होत्या. बायका खूश झाल्या. ती विधवा बाईसुद्धा हसली. "बंगल्यातल्याक हाणलंस ता बरा केलंस," म्हणाली.

मग मी तांडेलाला विचारलं, "लेखक म्हणान तुमचा नाव घालूं?"

"माजा कित्याक? जाळा काय मी एकट्यान वडलंय?"

"मगे कोणाचा?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी समुद्र कुठल्या बाजूला असं विचारलं. आमच्या रापणीची रीत अशी, की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. मासळी वाळूवर ओतायची, तिचे ढीग घालायचे, आणि प्रत्येकाने आपला ढीग उचलायचा. दोर धरणारा मेला किंवा आजारी पडला, तर त्याचा वाटा त्याच्या घरी जायचा. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा. तांडेलाने माझ्या वहीकडे बोट दाखवलं. "जेणी जेणी एक वाक्य सांगला, तेका वाटो. मोज."

मोजले. माणसं एकोणचाळीस. मेलेला तो धरून चाळीस. होडी आणि जाळं धरून बेचाळीस.

"आनि तू?" तांडेल म्हणाला.

मी म्हटलं, संपादकाने लेखात आपलं नाव घालणं तत्त्वाला धरून नाही.

"वाटो नको म्हणणाऱ्याक उद्या दोरयेक हात लावक देवचंय नाय."

त्रेचाळीस. मी उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत शब्द दिला, की ही सगळी नावं छापली जातील, एक कमी नाही. सभेत बोलायची सवय वाईट. (इथे मी कुणाचंच नाव लिहीत नाहीये त्याचं कारण हेच. एकाचं घातलं तर सगळ्यांचं घालावं लागेल, आणि मी ते एकदा करून चुकले आहे.)

संपादकांचं उत्तर आठ दिवसांत आलं. "लेख उत्तम. मात्र त्रैमासिकाच्या शिरस्त्याप्रमाणे लेखक एक असावा. फार तर एका नावापुढे 'व इतर' असे घालता येईल."

ते मी वाळूवर वाचून दाखवलं. तांडेलाने विडी पेटवली.

"ह्यो इतर कोण? आमच्या रापणीर माका कदी दिसलो नाय."

"आसात रे, वरच्या वाडीत," मागून कुणीतरी म्हणालं. "फकत वाटो घेवक येतत!"

हसून हसून बायका टोपल्यांवर कलंडल्या. मी मात्र पेटले होते. त्या संध्याकाळी मी नऊ पानांचं पत्र लिहिलं. 'व इतर' हे दोन शब्द म्हणजे विद्येच्या नावाने चालणारी सरंजामशाही आहे, असं त्यात सिद्ध केलं. शिवाय, नावं वगळली तर मी माझ्याच विशेषांकाविरुद्ध पत्रक काढीन, अशी नोटीस दिली. वडिलांनी पत्र वाचलं. "असा धमकी देणारा अतिथी मी पहिल्यांदाच पाहतोय," म्हणाले आणि तिकीट स्वतः लावलं.

संपादक नमले, पण हिशेबाने. "नावे छापू. प्रत्येक लेखकाने सोबतच्या घोषणापत्रावर सही अथवा अंगठा करावा. सबब होडी व जाळे यांना वगळावे लागेल. त्याच कारणाने मृत व्यक्तीसही. तिघांचा ऋणनिर्देशात उल्लेख करता येईल."

होडी-जाळ्यासाठी लढायला मी कंबर कसून किनाऱ्यावर गेले. तांडेल म्हणाला, "जाळ्याक काय वाचूक येता? सोड तेका."

"पण तत्त्वाचा काय?"

"तत्त्वाक वाटो नाय, चेडवा."

मग मी तिसरी गोष्ट वाचली, मेलेल्या माणसाची. विधवा बाई टोपलीपाशी होती. ती टोपलीतली मासळी इकडची तिकडे करत राहिली. तांडेलाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"तेचा नाव काडतत, तर लेख परत दी. सगळो."

"मी भांडतंय तेंच्यावांगडा," मी म्हटलं.

"भांडान काय करतलंस? तेंका सही व्हयी." त्याने बाईकडे पाहिलं. "सही कोण करतलो?"

"मी करतंय," ती म्हणाली. मान वर न करता. "वाटो घेवक मीच येतंय मां? मगे अंगठो लावक कित्याक नको?"

घोषणापत्राचा कागद तिने गुडघ्यावर ठेवला. शाई लावून तिने आधी स्वतःच्या नावापुढे अंगठा उठवला, मग नवऱ्याच्या. दुसरा अंगठा तिने बराच वेळ दाबून धरला.

त्या दिवशी मी संपादकांना लिहिलं ते पत्र अर्ध्या पानाचं झालं. रापणीत मेलेल्याचा वाटा त्याच्या घरी कसा जातो एवढंच लिहिलं, आणि लेखाच्या कुठल्या पानावर ही रीत सांगितली आहे तो आकडा दिला. शिवी एकही नाही. जमेल असं मला वाटलं नव्हतं.

उत्तर आलं: "प्रस्तुत प्रथा लेखातच वर्णिलेली असल्याने ती लेखकांना लागू करण्यास मंडळाची हरकत नाही." मी ओरडले. वडील विहिरीवरून धावत आले. मग पुढचं वाक्य वाचलं. "तथापि एकेचाळीस नावे, त्यांची गावे व वाड्या यांस अडीच पाने लागतील. कागदाच्या टंचाईमुळे अंक एका पानानेही वाढविता येत नाही, आणि तो आताच पूर्ण भरला आहे. प्राध्यापकांचा लेख मंडळाने मान्य केलेला असल्याने त्यास हात लावता येणार नाही. काटछाट कोठे करावी ते अतिथी संपादकांनी कळवावे."

वीस पानांच्या तळटीपांना हात लावता येणार नाही! मी अंक पुढे घेतला, पानांची वाटणी केली, पुन्हा केली. कस्टमवाल्यांचे श्रम एका पानाने कमी केले. ते चिडले. अजून दीड पान हवं होतं, पण त्यांच्याकडे आणखी काही काढण्यासारखं सापडेना. मग माझी अकरा पानं उरली. त्यातली दीड काढायला बसले तर बाकीची उभी राहीनात. एका विद्वानाची पगडी काढली की पुढच्या पानावर दुसरा तिचा उल्लेख करत होता. तीन दिवस मी एकेक परिच्छेद खोडला आणि परत लिहिला. वडील जेवायला हाक मारायचे, मी ऐकत नव्हते.

चौथ्या दिवशी मी 'सवाल' सगळाच काढला आणि तसं कळवलं. उरलेल्या जागेत संपादकांनी प्राध्यापकांच्या आणखी काही तळटीपा घातल्या, हे मला अंक आल्यावर समजलं. त्याबद्दल मी त्यांना अजूनही माफ केलेलं नाही.

अंक एस.टी.च्या टपावरून पोत्यातून आला. प्रत्येक लेखकाला एक प्रत, असा त्रैमासिकाचाच नियम होता आणि तो त्यांनी पाळला, एवढं कबूल करायला हवं. पोतं डोक्यावर घेऊन मी किनाऱ्यावर गेले. सगळे वाळूवर बसले. मी लेख उघडला तर तांडेलाने हात वर केला.

"लेख आमका म्हायत आसा. नावां वाच."

मी वाचायला लागले. पहिल्याच नावाला तो माणूस सवयीने "हजर!" म्हणाला, शाळेतल्यासारखा, आणि मग प्रत्येक जण म्हणत गेला. कुणी बारीक आवाजात, कुणी ओरडून. शाळेत कधी न गेलेल्या बायकांनी तर सगळ्यांत मोठ्याने. सव्विसावं नाव मी वाचलं आणि कुणी काही बोललं नाही.

"परत वाच," टोपलीपाशी बसायची ती बाई म्हणाली.

मी परत वाचलं. तिने पान मागून घेतलं, नाव कुठे आहे ते माझ्याकडून बोट ठेवून दाखवून घेतलं, आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"बारीक छापलानी," म्हणाली. "तेका बारीक कायच आवडत नाय होता." मग पानं मागे-पुढे उलटत राहिली. "आनि तुजा ता खंय आसा गो? बंगल्यातल्याक हाणलेला?"

"ता छापूक नाय."

"कित्याक?"

"जागा नाय होती."

"येवढा जाडजूड पुस्तक, आनि तुका जागा नाय?" ती आता खरोखर संतापली. तांडेलाकडे वळली, बायकांकडे वळली. "आयकलास? चेडवान दोन म्हयने दोर वडलो, आनि तेचाच लिवलेला टाकून दिला मेल्यांनी! गप रवतंस काय तू? पत्र घाल तेंका. चांगला कडक घाल!"

बाकीच्यांनीही आवाज चढवले. मुंबईच्या संपादकांच्या सात पिढ्या वाळूवर आल्या. मी म्हटलं, घालतंय. आणि पुढचं, सत्ताविसावं नाव वाचलं.