केतकीचा तारा आणि जोशी सरांची इडली

आमची दुर्बीण वर पृथ्वीभोवती फिरते आणि आकाशातले एक्स-रे टिपते. आम्ही खाली बेंगळुरूत एसीत बसून तिच्यावर लक्ष ठेवतो. तिचा डेटा साठवायला डिस्क पुरत नाहीत. किश्श्यांना मात्र डिस्क लागत नाही. कॉफी मशीनपाशी एकदा सांगितला, की तो कुणाच्या बापाला डिलीट होत नाही!

*

राजाजीनगरात आमच्या वरच्या मजल्यावर आक्का राहतात. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. एका रविवारी गुडघ्याची फिल्म घेऊन खाली आल्या.

"तुम्ही एक्स-रेवाले ना? स्वल्प बघा की हो!"

मी म्हटलं, "आक्का, आमचं काम ताऱ्यांचं. फार लांबचं बघतो आम्ही."

"म्हणजे जवळचं काहीच दिसत नाही?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय!"

*

जोशी सर आमचे कॅलिब्रेशनवाले. म्हणजे ज्याची चमक सगळ्यांना पक्की ठाऊक आहे, अशा एकाच ठिकाणाकडे दुर्बीण पुन्हापुन्हा वळवायची आणि ती बरोबर मोजतेय ना, हे तपासायचं. आकाशात काहीतरी घडावं म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसतो. सर काही घडू नये म्हणून!

"सर, आज काय नवीन?"

"देवाच्या कृपेनं काही नाही!"

*

जयनगरला इडलीचं नवं हॉटेल निघालं. सरांना घेऊन गेलो, तर ते आधी शेजारच्या जुन्या हॉटेलात शिरले. म्हणे, "ओळखीची इडली खाऊन आधी जीभ तपासू. मग नवी."

तपासणी साग्रसंगीत झाली. चटणीबरोबर वेगळी, सांबारात वेगळी, मग दोन्हींत बुडवून. नव्या हॉटेलच्या दारात सरांनी ढेकर दिला.

"जीभ एकदम करेक्ट आहे. भूक संपली!"

*

केतकी नागपूरची. गुणी पोरगी, पण कॉन्ट्रॅक्ट जुलैत संपणार. तिचा तारा एरवी इतका मंद, की दुर्बीण नेमकी त्याच्यावर रोखली तरी चित्रात अंधारच. पण कधीतरी अचानक भडकतो म्हणे. भडकलेला सापडला तर पेपर, पेपर झाला तर मुदतवाढ. नाहीतर चंबूगबाळं आवरून नागपूर. आम्हां सगळ्यांचाच जीव टांगणीला!

अर्ज-विनंत्या करून तिला दुर्बिणीची वेळ मिळाली. नेमका तेव्हाच आकाशात भलताच कुणीतरी पेटला. अर्जंट म्हणून दुर्बीण तिकडे वळवली.

केतकी रडकुंडीला येऊन म्हणाली, "माझ्या मांडवातला बँड उचलून दुसऱ्याच्या वरातीत नेला न जी!"

मला फार वाईट वाटलं. हसूही आलं, ते गिळलं.

*

जूनमध्ये तिला पुन्हा वेळ मिळाली. या खेपेला मधे कुणी कडमडलं नाही. बिचारीला तेवढीच मदत, म्हणून जोशी सरांनी डेटा स्वतः तपासायला घेतला.

सकाळी केतकी नाश्ता न करताच आली. आम्हीही कामं सोडून मागे उभे राहिलो. सर भलतेच खुशीत होते.

"केतकी, पेढे आण! तुझा डेटा आरशासारखा लख्ख करून ठेवलाय!"

"सर, काही दिसलं?"

"दिसू देतोय होय! एक मेला पांढराफेक ठिपका उगवला होता. म्हटलं, डिटेक्टरचा दोष असणार. दिला काढून!"

केतकीनं खुर्चीची पाठ धरली. "कुठे होता, सर?"

"अगं, बरोब्बर मधोमध! म्हणून तर डोळ्यांत खुपत होता!"